दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर आणि तुमचे रिपोर्ट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सपोर्ट बंद केला. बातमी तंत्रज्ञानाच्या पानावर आली आणि दोन दिवसांत मागे पडली. आरोग्याच्या पानावर तिची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ही आरोग्याची बातमी वाटते.

कारण साधे आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात आज रुग्णाची नोंद, लॅबचा रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म, सोनोग्राफीचे चित्र आणि औषध दुकानाचे बिल हे सगळे कोणत्या ना कोणत्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडते. वैराग, पांगरी, परांडा, भूम या भागांतून आलेला रुग्ण दिवसभरात तीन-चार ठिकाणी फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची माहिती एका नव्या मशीनमध्ये शिरते. त्यातले अनेक कॉम्प्युटर सात-आठ वर्षांचे असतात. काहींवर विंडोज १० असते, काहींवर अजूनही विंडोज ७. ते चालू असतात, प्रिंट देतात, म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. रक्तदाब वाढलेला असूनही काही त्रास होत नाही म्हणून गोळी न घेणाऱ्या माणसासारखीच ही स्थिती आहे.

हा लेख दोघांसाठी आहे: छोटा दवाखाना किंवा लॅब चालवणाऱ्यांसाठी आणि तिथे उपचार घेणाऱ्यांसाठी.

नेमके काय बंद झाले?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच सुरू होतो. थांबतात ते दर महिन्याला फुकट येणारे सुरक्षा अपडेट.

याआधीही हे घडले आहे. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ७ वापरणाऱ्या कंपन्यांना पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेटही जानेवारी २०२३ मध्ये थांबले. पुढच्याच महिन्यापासून क्रोम ब्राउझरची नवी आवृत्ती विंडोज ७ वर चालेनाशी झाली. म्हणजे विंडोज ७ वर इंटरनेट वापरणारा दवाखाना आज अनेक वर्षांच्या उघड्या त्रुटी घेऊन बसला आहे.

विंडोज १० ची परिस्थिती तेवढी वाईट नाही. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली आहे. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर भरावे लागतात. संस्थांसाठी वेगळी योजना आहे. ती दरवर्षी पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येते आणि तिचा दर वर्षागणिक दुप्पट होतो. थोडक्यात, हा उपाय वेळ काढण्यापुरता आहे.

सुरक्षा अपडेट म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी. त्यात चुका राहतात. त्यातल्या काही चुका अशा असतात की त्यांचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस तुमच्या परवानगीशिवाय आत येऊ शकतो. अशी त्रुटी सापडली की कंपनी ती बुजवणारा छोटा प्रोग्राम पाठवते. तोच सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट हे अपडेट साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. आपल्याकडे ते त्या रात्री किंवा बुधवारी सकाळी दिसतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अपडेट जाहीर झाला की त्रुटी कुठे होती हेही जगाला कळते. हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहतात आणि दोन्हींत काय बदलले ते शोधतात. ज्यांनी अपडेट घेतला त्यांचे दार बंद झालेले असते. ज्यांनी घेतला नाही, त्यांच्या दाराचा पत्ता आता छापून आलेला असतो. विंडोज ११ साठी दर महिन्याला जे अपडेट येतात, त्यातल्या अनेक त्रुटी विंडोज १० मध्येही असतात, कारण दोघांचा पाया बराचसा एकच आहे. म्हणून सपोर्ट संपलेला कॉम्प्युटर काही न करता, नुसता पडून राहूनही दर महिन्याला थोडा अधिक असुरक्षित होत जातो.

२०१७ चे ५९ दिवस

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘वॉनाक्राय’चे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतली एक गंभीर त्रुटी बुजवणारा अपडेट दिला. एप्रिलच्या मध्यावर त्या त्रुटीचा वापर करणारे तयार हत्यार इंटरनेटवर उघड झाले. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला. अपडेट आणि हल्ला यांत ५९ दिवस होते.

त्याला पसरण्यासाठी कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. एका नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर बाधित झाला की तो शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप शिरत होता. आत शिरला की सगळ्या फाइल कुलूपबंद आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी. अशा प्रोग्रामना रॅन्समवेअर म्हणतात.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला, म्हणजे एनएचएसला, त्याचा मोठा फटका बसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे कामकाज विस्कळीत झाले. शिवाय ५९५ जनरल प्रॅक्टिशनरचे दवाखाने बाधित झाले. सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज होता. पाच भागांत रुग्णांना तातडीच्या उपचारासाठी लांबच्या रुग्णालयात जावे लागले.

त्या अहवालातले दोन निष्कर्ष आपल्याला महत्त्वाचे आहेत. बाधित झालेले बहुतेक कॉम्प्युटर अतिजुन्या एक्सपीवर नव्हते. ते विंडोज ७ वर होते, त्या वेळी विंडोज ७ ला सपोर्ट चालू होता आणि अपडेट उपलब्ध होता. तो फक्त टाकलेला नव्हता. दुसरा निष्कर्ष असा की बाधित संस्थांना साध्या उपायांनी स्वतःला वाचवता आले असते. म्हणजे कॉम्प्युटर नवा असून भागत नाही. अपडेट उपलब्ध असणे आणि तो प्रत्यक्ष टाकलेला असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लस गावात आली म्हणजे मुलाला टोचली गेली असे होत नाही, तसेच हे.

आपल्याकडे काय घडले?

वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आला. त्यानेही तीच त्रुटी वापरली, जोडीला चोरलेले पासवर्ड वापरले. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली आणि तिच्या गटाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनल ठप्प झाले. अपडेट येऊन १०५ दिवस झाले होते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुरू झालेली साथ उरणच्या किनाऱ्यावरच्या कंटेनरपर्यंत पोचली.

जुलै २०१८ मध्ये नवी मुंबईत वाशीच्या एमजीएम रुग्णालयाची संगणक यंत्रणा कुलूपबंद करून बिटकॉइन मागितले गेले. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे पंधरा दिवसांची बिलांची आणि रुग्णांची माहिती गेली. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. ओपीडीची नोंदणी, दाखल रुग्णांच्या नोंदी, लॅबचे काम बरेच दिवस हाताने करावे लागले.

एम्सच्या प्रकरणात सरकारने दिलेले कारण नीट वाचण्यासारखे आहे: नेटवर्कचे योग्य विभाजन केलेले नव्हते. साध्या भाषेत, एका खोलीत शिरलेला चोर सगळ्या खोल्यांत फिरू शकत होता. म्हणून फक्त अपडेट टाकून सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. पण अपडेट, विभाजन आणि बॅकअप या तिन्ही गोष्टी एकमेकींना आधार देतात. संसर्गाच्या भाषेत बोलायचे तर लस, विलगीकरण आणि औषधाचा साठा.

यात रुग्णाचे काय बिघडते?

अनेकांना वाटते, फार तर काय होईल, रिपोर्ट पुन्हा काढू. पण वैद्यकात बहुतेक आकड्यांना अर्थ येतो तो मागच्या आकड्यामुळे.

समजा, एका साठीच्या शेतकऱ्याचे क्रिएटिनिन आज १.४ आले. मागच्या वर्षी ते १.३ होते तर त्याची किडनी स्थिर आहे, औषधांचा डोस सांभाळून पुढे जाऊ. मागच्या वर्षी ०.८ असेल तर काहीतरी नवे आणि गंभीर सुरू आहे. त्याने सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेतल्या का, लघवी अडते का, हे आजच शोधायला हवे. आजची तपासणी पुन्हा करता येईल. मागच्या वर्षीची करता येणार नाही.

ईसीजीचेही तसेच. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक दिसला, तर तो जुना आहे की आजचा, यावर पुढची घाई ठरते. जुना ईसीजी हातात असेल तर उत्तर मिनिटात मिळते. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचे मागचे आयएनआर, कर्करोगाच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, कोणत्या इंजेक्शनची ॲलर्जी आली होती त्याची नोंद, या सगळ्यांवर उपचार उभे असतात.

वॉनाक्रायनंतर एनएचएसच्या आकडेवारीचा जो अभ्यास झाला, त्यात बाधित रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण प्रत्येक वेळी असे निभावत नाही. जून २०२४ मध्ये लंडनमधल्या मोठ्या रुग्णालयांना रक्ततपासणीची सेवा देणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रक्तगट जुळवण्याचे काम नेहमीच्या वेगाने होईना, म्हणून ओ गटाचे रक्त जास्त वापरावे लागले आणि ओ गटाच्या रक्तदात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. हजारो अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया पुढे गेल्या. वर्षभराने किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने मान्य केले की त्या काळात दगावलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत रक्ततपासणीचा निकाल मिळायला झालेला उशीर हे अनेक कारणांपैकी एक होते.

बार्शीकरांना तर नोंदींचे मोल वेगळे सांगायला नको. देशातली ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्या-आधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यात टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सहभागी होते. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. आठ वर्षे प्रत्येक स्त्रीची नोंद सांभाळली, म्हणूनच ते सिद्ध करता आले. नोंदी सांभाळणे हे आपल्या भागात उपचारांइतकेच जुने काम आहे.

मग दवाखाने अपडेट का करत नाहीत?

आळस हे एकमेव कारण नाही. मी आजूबाजूला पाहतो तेव्हा पाच कारणे दिसतात.

पहिले, मशीनशी बांधलेला कॉम्प्युटर. डिजिटल एक्स-रे, सेल काउंटर, सोनोग्राफी यांच्यासोबत कॉम्प्युटर येतो आणि मशीन बसवणारा इंजिनिअर सांगून जातो, ‘याला हात लावू नका, अपडेट केला तर सॉफ्टवेअर चालणार नाही.’ मशीन पंधरा वर्षे टिकते, विंडोज दहा वर्षांत संपते. अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट केले आहे की सुरक्षेसाठी उपकरणाचे सॉफ्टवेअर अपडेट करायला उत्पादकाला बहुतेक वेळा नव्याने मंजुरी घ्यावी लागत नाही. म्हणजे जबाबदारी उत्पादकाची आहे, पण ती मागायला कोणी बसलेले नाही.

दुसरे, खर्च. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. चांगला चालणारा कॉम्प्युटर या अटींमुळे बाद होतो, ही तक्रार योग्यच आहे.

तिसरे, बिनपरवाना विंडोज. ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी फुकट साधने अनेकदा आधी अँटिव्हायरस आणि अपडेट बंद करायला लावतात. घुसखोराला आपणच दार उघडून देण्यासारखे ते आहे.

चौथे, मोबाइलचा हॉटस्पॉट. डेटा वाचावा म्हणून कनेक्शन ‘मीटर्ड’ केलेले असते. अशा कनेक्शनवर विंडोज बरेचसे अपडेट आपोआप उतरवत नाही. महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाचवे, भीती. ही अगदी निराधार नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, परदेशात रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पण दोन्ही धोक्यांची तुलना करा. त्या घटनेत माहिती चोरीला गेली नाही, फाइल कुलूपबंद झाल्या नाहीत आणि दुरुस्तीचा मार्ग त्याच दिवशी जाहीर झाला. औषधाचा दुष्परिणाम आणि आजार यांचे वजन करताना आपण जे करतो तेच इथे करायचे: आधी बॅकअप, मग अपडेट.

छोट्या दवाखान्याने आणि लॅबने काय करावे?

१. यादी करा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि मग ‘अबाऊट’ इथे विंडोजची आवृत्ती दिसते. मशीनला जोडलेले कॉम्प्युटर विसरू नका. प्रत्येकासमोर लिहा: इंटरनेट आहे का, पेनड्राइव्ह लागतो का, त्यावर रुग्णांची माहिती आहे का.

२. विंडोज ११ असेल तर महिन्यातून एकदा, अपडेट आल्यावर आठवडाभरात, ओपीडी संपल्यावर तो टाका. आधी बॅकअप घ्या. कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या, कारण अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर खरोखर बिघाड होऊ शकतो.

३. विंडोज १० असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर ११ ची सोय दिसते का पाहा. दिसत नसेल तर वाढीव अपडेटची योजना घ्या आणि त्या मुदतीत नव्या कॉम्प्युटरची तरतूद करा. फक्त टायपिंग आणि ब्राउझरचे काम असेल तर उबुंटूसारखी लिनक्स किंवा सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स वापरता येते. पण आधी तुमचे ओपीडीचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर चालतो का ते तपासा.

४. विंडोज ७ किंवा एक्सपी बदलता येत नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवा. इंटरनेट बंद, ईमेल बंद, रुग्णांनी आणलेले पेनड्राइव्ह बंद. इतर कॉम्प्युटरच्या नेटवर्कपासून तो वेगळा करायला तंत्रज्ञाला सांगा आणि फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत बंद करून घ्या. वॉनाक्राय त्याच वाटेने आला होता.

५. बॅकअपच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दवाखान्याबाहेर. बाहेरची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. ती कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल उघडून पाहा.

६. कागद तयार ठेवा. छापील केसपेपर, लॅबचे कोरे फॉर्म, नोंदवही. कॉम्प्युटर दोन दिवस बंद राहिला तर कोण काय लिहील, हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

७. नवे मशीन घेताना कोटेशनवरच विचारा: यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमला कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील आणि नंतर बदलून कोण देणार? उत्तर लेखी घ्या. वार्षिक देखभाल करारातही ते आले पाहिजे.

हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची वायर काढा आणि वायफाय बंद करा. घाईने फॉरमॅट करू नका, घाईने पैसे देऊ नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवावी, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे.

कायदा काय म्हणतो?

दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. कॉम्प्युटर बिघडला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. त्यात आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भर पडली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दवाखान्याला एवढा दंड होईल असे नाही, पण सपोर्ट संपलेल्या विंडोजवर रुग्णांची माहिती ठेवणे ही वाजवी काळजी आहे, असे सांगणे अवघड जाईल.

माझ्या मते नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना आपण जैववैद्यकीय कचऱ्याचे आणि अग्निसुरक्षेचे कागद जोडतो, तसा कॉम्प्युटरच्या स्थितीचा एक साधा तक्ता जोडायला हवा. शिक्षेसाठी नको, निदान मोजदाद व्हावी म्हणून. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि लहान दवाखान्यांना तालुका पातळीवर एखादा प्रशिक्षित तंत्रज्ञ मिळाला तर बहुतेक काम होईल. प्रत्येक डॉक्टरने स्वतः संगणकतज्ज्ञ व्हावे ही अपेक्षा चुकीची आहे.

रुग्णांनी काय करावे?

तुमची माहिती फक्त दवाखान्याच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नका. एक फाइल करा आणि तिच्यात या गोष्टी ठेवा: डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी आणि टू-डी इको, बायोप्सीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन आणि एचबीए१सीचे तारखेसह आकडे, सध्याची औषधे डोससह. पहिल्या पानावर ॲलर्जी मोठ्या अक्षरांत लिहा. थर्मल कागदावरचा ईसीजी पुसट होतो, त्याची झेरॉक्स काढा. महत्त्वाच्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. आभा खाते असेल तर तिथेही रिपोर्ट जोडता येतात.

आणि डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका: ‘माझ्या रिपोर्टचा बॅकअप असतो का?’ सुई नवी आहे का, हे विचारायला आपण एकेकाळी लाजत होतो. आता कोणी लाजत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अँटिव्हायरस आहे, मग अपडेट कशाला?*
अँटिव्हायरस आत आलेला ओळखीचा प्रोग्राम पकडतो, उघडी त्रुटी बुजवत नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडरला ओळखयादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण तेवढ्याने विंडोजमधल्या त्रुटी बंद होत नाहीत.

*आमच्या कॉम्प्युटरला इंटरनेटच नाही.*
चांगले आहे, धोका बराच कमी होतो. पण पेनड्राइव्ह आणि आतले नेटवर्क या दोन वाटा उरतात. त्या सांभाळा.

*ब्राउझरमध्ये ‘तातडीने अपडेट करा’ असा चौकोन येतो, त्यावर क्लिक करू का?*
नाही. विंडोजचा अपडेट फक्त सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच घ्या. फोन करून ‘तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो’ म्हणणाऱ्याला कधीही आत घेऊ नका.

*अटींत न बसणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकता येते म्हणतात.*
खटपट करून टाकता येते, पण त्याला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. रुग्णांची माहिती ठेवण्यासाठी तो मार्ग नको.

या महिन्यात एकच काम करायचे असेल तर यादी करा. आपल्या दवाखान्यात कोणता कॉम्प्युटर किती जुना आहे, हे एका कागदावर लिहायला अर्धा तास लागतो. पुढचे उपाय त्या कागदावरूनच सुचतात.